आयर्लंडचा राष्ट्रपती लोक थेट निवडतात, पण अधिकार नाहीत म्हणे. मग एवढा खटाटोप कशाला?

अभ्यासिका_राजारामपुरी
मंडळी एक शंका आहे, हसू नका. राज्यसेवेचा अभ्यास चालू आहे आणि नोट्समधली एक ओळ पाठ करून ठेवलीय, "राष्ट्रपतीच्या निवडणुकीची पद्धत – आयर्लंड". आता २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तिथं निवडणूक झाली, कॅथरीन कॉनली म्हणून बाई निवडून आल्या, त्याच्या बातम्या वाचताना कळलं की तिथं अख्खी जनता मत देते. आपल्याकडं तर आमदार-खासदार देतात. मग आपण तिथून नेमकं घेतलं काय?
आणि दुसरं म्हणजे आमचा रूम पार्टनर म्हणतोय की तिथला राष्ट्रपती आपल्यापेक्षाही रबरी शिक्का आहे, सगळा कारभार पंतप्रधानाकडंच. तसं असेल तर पन्नास-साठ लाख लोकवस्तीच्या देशानं सगळ्यांना मतदानाला कशाला बोलवायचं, संसदेतच हात वर करून उरकायचं की. मी त्याच्याशी वाद घालतोय खरा पण माझ्याकडं मुद्दा नाही, कोणीतरी द्या.

कसबा_बावडा_बॉय
आपल्या महापौरासारखं असणार बघ. अंगात गाऊन, दारात गाडी, आणि फाईल आयुक्ताच्या टेबलावर 😄

पेठेतला_वकील
ओळ बरोबर आहे बाळा, पण अर्धीच आहे. आपण घेतली ती मत मोजायची पद्धत. मतपत्रिकेवर एकालाच शिक्का मारायचा नाही, १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा. पहिल्या पसंतीत कोणी निम्म्याच्या पुढं गेलं नाही तर सगळ्यात खालचा बाद करायचा आणि त्याच्या मतपत्रिकांवर पुढची पसंती ज्याची असेल त्याच्याकडं ती मतं द्यायची, असं करत करत कोणीतरी निम्मं ओलांडतं. राज्यसभेवर १२ जण नेमायची कल्पना आणि मार्गदर्शक तत्त्वं पण तिथलीच, हेही लिहून ठेव, विचारतात.
ही पद्धत आपल्याकडं खरी कामाला आली १९६९ ला. व्ही. व्ही. गिरी, नीलम संजीव रेड्डी आणि तिसरे आपले सी. डी. देशमुख. हो, तेच, ज्यांनी मुंबईच्या प्रश्नावर नेहरूंच्या मंत्रिमंडळातून राजीनामा दिला होता. पहिल्या पसंतीत गिरींना मतमूल्य (आमदार-खासदाराचं एक मत अनेक मतांइतकं धरतात, तो आकडा) ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९. म्हणजे गिरी पुढं होते पण निम्म्यात थोडे कमी पडले. मग खालचे सगळे बाद करत करत देशमुखांची मतं वाटली, ती बरीचशी रेड्डींकडं गेली, आणि शेवटी गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे जेमतेम निघाले. आणि गंमत म्हणजे हे गिरी तरुणपणी कायदा शिकायला डब्लिनलाच होते, तिथल्या स्वातंत्र्य चळवळीशी संबंध आला म्हणून १९१६ ला परत यावं लागलं होतं.
थेट मतदान मात्र आपण मुद्दाम घेतलं नाही. घटना समितीत के. टी. शहा थेट निवडणुकीसाठी भांडत होते. नेहरूंचं म्हणणं असं की सत्ता मंत्रिमंडळाकडं ठेवायची आणि राष्ट्रपतीला मात्र सगळ्या देशाचं मत द्यायचं, हे विचित्र होईल, एवढी मतं घेऊन आलेला माणूस गप्प कसा बसेल. तुझ्या रूम पार्टनरचा प्रश्न तेव्हाच विचारून झालाय.

डब्लिनचा_पावणा
मूळचा मंगळवार पेठेतला, बरीच वर्षं नोकरीनिमित्त इथं आहे म्हणून लिहितो. आधी सांगतो की मला राष्ट्रपतीला मत देता येत नाही, ते फक्त आयरिश नागरिकांना. इथल्या नगरपालिकेच्या इलेक्शनला मात्र राहणारा कोणीही मत देऊ शकतो, त्यामुळं उमेदवार आमच्या दारात पण येतात.
रबरी शिक्का म्हणणं साफ चूक नाही पण दोन गोष्टी खरोखर त्याच्या हातात आहेत आणि त्या आपल्या राष्ट्रपतीकडं तशा नाहीत. एक, संसदेनं पास केलेलं विधेयक घटनेत बसत नाही असं वाटलं तर सही न करता सरळ सुप्रीम कोर्टाकडं पाठवायचं. त्याआधी एका सल्लागार मंडळाला बोलवावं लागतं, पण ऐकायचं बंधन नाही, निर्णय त्याचा एकट्याचा. दोन, ज्या पंतप्रधानाचं बहुमत गेलंय तो म्हणाला की सभागृह विसर्जित करा, तर "नाही करत" म्हणायचा पूर्ण अधिकार.
आता पहिल्याची गोष्ट ऐका, लई भारी आहे. १९७६, आयआरए या सशस्त्र संघटनेनं ब्रिटिश राजदूताला स्फोटात मारलं, सरकारनं आणीबाणी लावून पोलिसांना सात दिवस डांबून ठेवायचा अधिकार देणारं विधेयक आणलं. राष्ट्रपती होते कॅरूल ओ डॉली, आधी स्वतः सरन्यायाधीश राहिलेला माणूस. त्यांनी ते कोर्टात पाठवलं. कोर्टानं ठीक आहे म्हटल्यावर गुमान सही पण केली. पण संरक्षणमंत्री पॅडी डोनेगन मलिंगारच्या लष्करी छावणीत एका कार्यक्रमाला गेले आणि तिथं सैनिकांसमोरच राष्ट्रपतीला नाही नाही ते बोलले. आता हे लक्षात घ्या की घटनेनुसार सैन्याचा प्रमुख राष्ट्रपतीच, म्हणजे त्याच्याच सैनिकांपुढं त्याचा उद्धार. पंतप्रधानांनी मंत्र्याला काढलं नाही, संसदेत विरोधकांनी मागणी केली ती पण पाच मतांनी पडली, आणि ओ डॉलींनी चार दिवसात राजीनामा दिला, पदाची शान राखायला जातो म्हणून. अधिकार वापरला तो पण घटनेप्रमाणे वापरला, आणि जायचं राष्ट्रपतीनं. इथली जुनी माणसं अजून त्यावर हळहळतात.
दुसरा अधिकार तर आजपर्यंत एकदाही वापरलेला नाही, तरी त्याच्यावरनं एक अख्खी निवडणूक फिरली. जानेवारी १९८२ ला लहान मुलांच्या बुटांवर कर लावण्यावरनं बजेट पडलं (खरंच, बुटांवरनं सरकार गेलं), पंतप्रधान गॅरेट फिट्झजेराल्ड विसर्जन मागायला राष्ट्रपतीकडं निघाले, आणि तेवढ्यात विरोधी पक्षातनं राष्ट्रपती हिलरींच्या घरी फोन सुरू, की विसर्जन देऊ नका, आम्हाला सरकार बनवायला बोलवा. हिलरींनी कोणाला भीक घातली नाही. हे प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण १९९० ला राष्ट्रपतीच्या निवडणुकीत ब्रायन लेनिहन उभे राहिले, लोकांचा लाडका माणूस, सगळे म्हणायचे आलाच. त्यांनी टीव्हीवर सांगितलं की त्या रात्री मी फोन केलाच नव्हता. आणि दोन-चार दिवसात एका विद्यार्थ्यानं काही महिन्यांपूर्वी घेतलेल्या मुलाखतीची टेप बाहेर आली, त्यात स्वतःच सांगतायत, हो, केलेला. उपपंतप्रधानपद गेलं, प्रचार ढासळला. तरी पहिल्या पसंतीत लेनिहन ४४ टक्के घेऊन पहिलेच होते बरं का. मेरी रॉबिन्सन ३९, तिसरा उमेदवार १७. तिसऱ्याची मतं वाटल्यावर रॉबिन्सनबाई निघाल्या, आयर्लंडच्या पहिल्या महिला राष्ट्रपती. वकीलसाहेबांनी सांगितलेली तीच पद्धत.

तालुक्याचा_माणूस
वकीलसाहेब आणि पावणं, दोघांचं वाचलं. नेहरूंची जी भीती होती ती आम्ही नगरपालिकेत डोळ्यानं बघितली. गाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील.
थेट नगराध्यक्ष २०१६ ला आणला, २०२० ला काढला, २०२२ ला परत आणला. आमच्याकडं झालं असं की नगराध्यक्ष एका आघाडीचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्या आघाडीचं. मग काय, नगराध्यक्ष म्हणतोय मला गावानं निवडलंय, नगरसेवक म्हणतायत आम्हाला काय शेजारच्या गावानं निवडलंय का. सर्वसाधारण सभेत विषयपत्रिका वाचायला घेतली की पहिल्याच विषयाला "मतदान घ्या". गटाराचं काम तहकूब, घंटागाडीचा ठेका तहकूब, आणि इतिवृत्त कायम करण्यावरनं दोन तास भांडण. मुख्याधिकारी खाली मान घालून मोबाईल बघत बसलेले असायचे.
तेव्हा माझं मत असं की थेट निवडलेल्या माणसाच्या हातात कारभार नको आणि कारभार नसंल तर थेट निवडू नका.

डब्लिनचा_पावणा
@तालुक्याचा_माणूस दादा, पहिलं अर्ध पटलं, दुसरं नाही. तुमच्याकडं भांडण कशावरनं होतंय, ठेक्यावरनं. बिलावर सही कोणाची, काम कोणाच्या वॉर्डात, यावरनं. इथल्या राष्ट्रपतीच्या टेबलावर ठेक्याची फाईल येतच नाही. त्यामुळं त्याला लाखो मतं असू देत नाहीतर बिनविरोध येऊ दे, पंतप्रधानाला त्याची अडचण होत नाही. १९३७ ची घटना आहे, एवढ्या वर्षात कारभार कोणी करायचा यावरनं दोघांची झुंज लागलीय असं झालेलं नाही. १९७६ चं भांडण पण कोर्टात पाठवण्यावरनं होतं, सत्तेवरनं नव्हतं.
त्रास होतो तो वेगळ्या ठिकाणी. प्रचारात बोलायचं काय? रस्ता देतो म्हणता येत नाही, घर देतो म्हणता येत नाही. मग सगळा प्रचार माणसावर घसरतो, तू पंधरा वर्षांपूर्वी काय बोललास, कुठं गेलास. २०२५ लाच बघा ना, सरकारातल्या मोठ्या पक्षाचा उमेदवार जिम गॅविन, गेलिक फुटबॉलचा (तिथला देशी खेळ) गाजलेला मॅनेजर. जुन्या भाडेकरूनं चुकून जास्तीचं भाडं भरलेलं, ते त्यानं परत केलं नव्हतं, अशी बातमी आली आणि गड्यानं ऐन प्रचारात माघार घेतली. पण तोवर नावं पक्की झालेली. मतपत्रिकेवर फोटोसकट तीन नावं, कॉनली, गॅविन, हम्फ्रीज, आणि मधला माणूस स्पर्धेतच नाही. तरी त्याला सात टक्के मतं पडली! कॉनलीबाईंना ६३ टक्के, पण जवळपास १३ टक्के लोकांनी मत मुद्दाम बाद केलं, कारण त्यांना हवा तो उमेदवारच नव्हता. उभं राहायला २० खासदारांच्या सह्या नाहीतर चार कौन्सिलांचा ठराव लागतो, एका बाईंच्या १८ सह्या झाल्या आणि तिथंच अडकल्या. म्हणजे लोकांनी निवडायचं खरं, पण कोणातनं निवडायचं हे पक्षच ठरवतात.

कसबा_बावडा_बॉय
१८ वर अडकली?? आमच्याकडं असती तर उरलेल्या दोघांना सहलीला नेलं असतं, गोव्याला

शिकवणी_ताई
बावड्याच्या भावा, थांब जरा 😄
मी राज्यशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहे. पावण्यांनी छान लिहिलंय पण सगळेजण "थेट निवडणूक" असं धरून चाललेत त्यात एक मोठी मेख आहे, ती कोणी काढली नाही. आयर्लंडमध्ये कितीतरी वेळा निवडणूक झालेलीच नाही! १९३८ ला पहिले राष्ट्रपती डग्लस हाइड बिनविरोध. मग १९५२, १९७४, १९७६, १९८३, २००४, सगळे बिनविरोध. १९७३ नंतर एकदम १९९० ला मतदान झालं, म्हणजे सतरा वर्षं तिथल्या माणसानं राष्ट्रपतीसाठी मतपेटीचं तोंड बघितलं नाही. आपल्या सोसायटीच्या इलेक्शनसारखं, पुढारी आत बसून ठरवणार आणि बाहेर येऊन हार घालणार.
आणि ज्यांची एवढी गोष्ट सांगितली ते ओ डॉली? १९७४ चे बिनविरोधच. फोन करणाऱ्यांना दाद न देणारे हिलरी? तेही बिनविरोध, दोन्ही वेळा. मग कणा आला कुठून? लोकांच्या मतातून तर नाही आला. माझ्या मते तो येतो मुदतीतून. सात वर्षं पक्की आहेत, महाभियोगाशिवाय पंतप्रधान काढू शकत नाही, आणि दोन टर्मनंतर तसंही घरीच जायचंय. कोणाच्या मर्जीवर नोकरी नाही म्हटल्यावर माणूस सरळ वागू शकतो. आपला राज्यपाल बघा, मर्जी असेपर्यंत खुर्ची, मग पहाटे उठून शपथविधी करावे लागतात. असो, तो विषय काढला की धागा बंद होतो.
अभ्यासिका, तुला खरा मुद्दा हवा असेल तर आइसलँड वाच. चार लाखांच्या आतला देश, म्हणजे आपल्या कोल्हापूर शहरापेक्षाही लहान. १९४४ च्या घटनेनुसार राष्ट्रपती थेट निवडतात. १९८० ला विगदिस फिनबोगादोत्तिर निवडून आल्या, लोकांनी थेट निवडलेली जगातली पहिली महिला राष्ट्रपती. तिथं राष्ट्रपतीनं विधेयकावर सही नाकारली तर विधेयक मरत नाही, त्यावर जनतेचं मतदान घ्यायचं असं घटनेत लिहिलंय. साठ वर्षं कोणी हात लावला नाही त्या कलमाला, लोक म्हणायचे नावापुरतं आहे. २००४ ला राष्ट्रपती ओलाफुर ग्रिमसननी पहिल्यांदा एक माध्यमांविषयीचा कायदा अडवला, सरकारनं तो मागेच घेतला.
मग २००८ ला बँका बुडाल्या. लान्ड्सबांकी नावाच्या बँकेनं ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या लोकांकडून आइससेव्ह म्हणून ठेवी घेतलेल्या, त्या भरपाईचा बोजा करदात्यांवर घालणारा करार संसदेनं मंजूर केला. एकूण मतदारांच्या चौथाईएवढ्या लोकांनी सह्या करून राष्ट्रपतीला सांगितलं सही करू नका. ग्रिमसननी जानेवारी २०१० मध्ये नाकारली. मार्चमध्ये मतदान, ९३ टक्के लोक नाही म्हणाले. सरकारनं नवीन करार आणला, तोही त्यांनी लोकांपुढं ठेवला, एप्रिल २०११, परत नाही, या वेळी साधारण ६० टक्के. शेवटी २०१३ ला युरोपातल्या एफ्टा या व्यापारगटाच्या न्यायालयानं निकाल दिला तो आइसलँडच्या बाजूनं. आता सांगा, संसदेत हात वर करून निवडलेला राष्ट्रपती संसदेनंच पास केलेलं विधेयक असं लोकांपुढं ठेवेल का?

पेठेतला_वकील
ताई, बिनविरोधचा मुद्दा बिनतोड. फक्त आइसलँड वाचून कोणी खूश होऊ नका. त्यावेळी लोक आणि राष्ट्रपती एका बाजूला होते म्हणून गोड वाटतं. निवडून आलेलं सरकार एक करार करून येतं आणि एक माणूस दोनदा तो उधळतो, हे रोज व्हायला लागलं तर बाहेरचा कोण त्या सरकारशी बोलणी करेल? आयर्लंडनं ती दोरी कोर्टाकडं नेली हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं.
पण तिथंही एक फास आहे, तो पावण्यांनी सांगितला नाही. राष्ट्रपतीनं विधेयक कोर्टात पाठवलं आणि कोर्टानं ते वैध ठरवलं, तर तो कायदा पुन्हा कधीच कोणाला घटनाबाह्य म्हणून आव्हान देता येत नाही. कायमचा शिक्का. आता समजा कायदा कागदावर बरा दिसतोय पण दहा वर्षांनी एखाद्या गरीब माणसाच्या प्रकरणात त्याची धार कळते, तेव्हा दार बंद असतं. म्हणून तिथले राष्ट्रपती जपून पाठवतात, एवढ्या वर्षात पंधरा-सोळाच विधेयकं गेली असतील. न पाठवणं म्हणजे घाबरणं असं नसतं, कित्येकदा उद्याच्या पक्षकारासाठी दार उघडं ठेवणं असतं. कोर्टात आयुष्य गेलेल्या माणसाला हे चटकन कळतं.
आणि अभ्यासिका, तुलनेसाठी हे पण घे. तिथं विधेयक हातात आल्यावर पाच ते सात दिवसांत सही करायची असते. आपल्या कलम १११ मध्ये मुदतच नाही. राष्ट्रपती झैलसिंगांनी १९८६ चं टपाल विधेयक, लोकांची पत्रं उघडायचा अधिकार देणारं, सही पण केली नाही आणि परत पण पाठवलं नाही, नुसतं ठेवून दिलं. रबरी शिक्का म्हणायचं तर म्हणा, पण तो शिक्का ड्रॉवरमध्ये ठेवायची सोय आपल्याकडं जास्त आहे.

अभ्यासिका_राजारामपुरी
वकीलकाका, ताई, पावणे, लई आभार. रूम पार्टनरला वाचायला दिलं, तो आता म्हणतोय की मग राष्ट्रपतीनं भाषणं तरी मोकळी करावीत, तेवढं तरी जमतं का तिथं? का ते पण सरकारनं लिहून द्यायचं?

तालुक्याचा_माणूस
ताईंचं मुदतीचं बरोबर हाय. आमच्या नगराध्यक्षाची पण मुदत पक्की होती, पण हातात ठेका होता. मी माझ्या मतावर ठाम.

डब्लिनचा_पावणा
@अभ्यासिका हे जरा घोळाचं आहे. राष्ट्राला उद्देशून अधिकृत संदेश द्यायचा तर मजकूर आधी सरकारकडून मंजूर करून घ्यावा लागतो. देशाबाहेर जायचं तरी सरकारची परवानगी. पण शाळेचं उद्घाटन, परिसंवाद, पुस्तकाचा कार्यक्रम, तिथं काय बोलायचं यावर कोणी टाळं लावलेलं नाही, आणि आधीचे मायकल डी. हिगिन्स तर कवी माणूस, चौदा वर्षं राहिले आणि दुसऱ्या टर्ममध्ये चांगलेच सैल सुटले. २०२२ ला घरांच्या टंचाईवर असे बोलले की मंत्र्यांचे चेहरे उतरले, इथं भाड्यानं घर मिळवताना काय हाल होतात ते मी भोगलंय, त्यामुळं मला तर ऐकून बरं वाटलं. विरोधक टाळ्या वाजवत होते, सरकारातले दबक्या आवाजात "मर्यादा" म्हणत होते, पण उघड कोणी भिडलं नाही. १९७६ नंतर राष्ट्रपतीवर उघड तोंड सोडायची कोणाची हिंमत होत नाही.
कॉनलीबाई त्यांच्यापेक्षाही कडक बोलणाऱ्या आहेत, युरोपच्या वाढत्या लष्करी खर्चावर खासदार असताना सतत टीका करायच्या, आणि सरकारची दिशा नेमकी उलटी. त्यामुळं इथं सगळ्यांचं लक्ष परदेश दौऱ्यांच्या परवानगीकडं लागलंय.